बंगल्यावर गेलेली शेवंती

शोभेच्या झाडांवर संशोधन करणाऱ्यांचं फुलांवर प्रेम असतं, असा लोकांचा एक गोड समज असतो. आमच्या विभागप्रमुखांचं प्रेम फुलं ज्यांच्या बंगल्यावर पाठवायची त्या साहेबांवर होतं. तरुणपणी त्यांनी ग्लॅडिओलसच्या कंदांवर प्रबंध लिहिला होता म्हणे. त्यानंतर त्यांच्या नखात माती गेलेली कुणी पाहिली नव्हती. एखादा सचिव बदलून आला किंवा कुणा अधिकाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं, की आमच्या हरितगृहातल्या कुंड्या टेम्पोत चढायच्या. त्या कुंडीत कुणाचा प्रयोग चालू आहे, ही त्यांच्या लेखी किरकोळ गोष्ट.

"मैडम, फूल किसके लिए होते हैं? लोगों के लिए!" असं ते मला समजावत. लोक म्हणजे वरचे लोक.

मी भोपाळचीच. वडील नागपूरहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. तिथे माणसाची पत क्वार्टरच्या टाइपावरून ठरायची, फुलांचीसुद्धा. दर हिवाळ्यात क्लबच्या मैदानावर पुष्पप्रदर्शन भरे. माळी कारखान्याचा, खत कारखान्याचं, पाणी कारखान्याचं आणि कप साहेबांच्या मिसेसना. टाळ्या आमच्यासारख्यांनी वाजवायच्या.

मी उद्यानविद्येत एमएस्सी केलं तेव्हा नागपूरचे नातेवाईक मला माळीणबाई म्हणू लागले. पीएचडीनंतर डॉक्टर माळीणबाई. यांच्यापैकी एकाच्याही गॅलरीतली तुळस धड उन्हाळा काढत नव्हती.

भोपाळच्याच एका कॉलेजात मला नोकरी लागली. पहिला मोठा प्रयोग शेवंतीवर होता. शेवंती सहसा बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून वाढवतात. मी शेंड्याच्या छाटकलमांवर काम करत होते. शेंडा कधी खुडला, कशात रोवला, तर मूळ लवकर धरतं आणि पुढे फूल केवढं येतं, हे बघायचं होतं. प्रत्येक कुंडीवर मी पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातले होते. हा शेवटचा हंगाम. फुलं पूर्ण उमलली की मोजायची, की काम संपलं.

नेमकं तेव्हाच मावसबहिणीचं लग्न निघालं आणि मला नागपूरला जावं लागलं. परत आले तर शेवंतीचा ओटा रिकामा. फक्त कुंड्यांच्या बुडांचे ओले गोल.

मी तशीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरले. ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, माझ्या कुंड्या?"

"अरे, वो! एक जगह देनी पड़ीं. फूल ही तो हैं मैडम, अगले साल फिर आ जाएँगे." मग माझी समजूत काढायला म्हणाले, "और सुनिए, आपकी टाउनशिप के फ्लॉवर शो में जज के लिए आपका नाम दे दिया है. पिताजी खुश हो जाएँगे."

वडील खरंच खुश झाले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधीच मैदानावर हजर. मी प्रदर्शनाच्या सेक्रेटरीबरोबर रांगा बघत निघाले. प्रत्येक कुंडीला ताजा गेरू फासलेला. शेवंतीच्या विभागात जनरल मॅनेजरांच्या मिसेसची रांग सगळ्यात पुढे होती. त्या फुलांपाशी मी थांबले. आपण हाताने खुडलेलं झाड आपल्याला ओळखू येतं. तरी खात्री म्हणून बोट ओलं करून एका कुंडीवर घासलं. गेरू निघाला आणि खालून माझा क्रमांक वर आला.

मिसेस रेशमी साडीत शेजारीच उभ्या होत्या.

"बहुत सुंदर हैं," मी म्हणाले. "कौन-सी खाद दी?"

"खाद क्या, प्यार!" त्या म्हणाल्या. "बच्चों की तरह पाला है हमने."

मी पर्समधून टेप आणि कागद काढला, गवतावर बसले आणि मोजायला सुरुवात केली. एकेका कुंडीचा गेरू पुसायचा, क्रमांक लिहायचा, फुलांचा व्यास लिहायचा. सेक्रेटरी आधी कौतुकाने बघत होते. "देखिए, साइंटिफिक जजिंग!" असं त्यांनी दोघांना सांगितलंही. पांढरे आकडे ओळीने दिसू लागले तसे ते दोन पावलं मागे सरकले. मिसेस चहाच्या तंबूकडे निघून गेल्या.

वडील वाकून कानाशी आले. "अगं, त्या माझ्या साहेबांच्या मिसेस आहेत."

"हो बाबा. आणि ही माझी झाडं आहेत."

ते तिथून गेले नाहीत. माझी पर्स उचलून हातात धरून उभे राहिले.

शेवटची कुंडी झाली तेव्हा माझा प्रयोग पूर्ण झाला होता. मी सेक्रेटरींना म्हणाले, "पहला नंबर इन्हीं गमलों का. विजेता के नाम की जगह हमारे विभाग का नाम लिखिए."

मला वाटलं, आता कुणीतरी कुठेतरी खजील होईल. कुणीही झालं नाही. तंबूत थोडी कुजबुज झाली, फोन गेला, आणि बक्षीस समारंभाला आमचे विभागप्रमुख टाय लावून हजर. माइकवरून जाहीर झालं की कॉलेज आणि कारखाना यांच्या सहकार्याला पहिला नंबर. त्यांनी आणि मिसेसनी कप मिळून धरला, फोटो काढला. खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "देखा मैडम? आपके काम को कितनी इज्जत मिली!" कप त्यांच्या केबिनमधल्या कपाटात गेला. पुढे माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यांचं नाव पहिलं होतं.

निर्लज्जपणावर औषध नसतं, हे मला तेव्हा कळलं. भांडण्यात वर्षं घालवायची नाहीत असं ठरवून मी या लोकांचा नीट अभ्यास केला. वास्तूच्या नावाखाली बंगल्यांमधून काटेरी झाडं हद्दपार होत होती. काटा घरात आला की कलह येतो, बढती अडते, अशी मोठमोठ्या इंजिनिअरांची श्रद्धा होती. मी शेवंती सोडली आणि निवडुंगाच्या कलमांवर प्रकल्प मागितला. विभागप्रमुखांनी वाचलाही नाही, सही केली.

हिरव्या निवडुंगाच्या खोडावर लाल, पिवळ्या निवडुंगाचे गोळे कलम करून बसवायला मी शिकले. ओटेच्या ओटे भरले. एकदा ते कुठल्याशा नव्या साहेबांसाठी कुंड्या बघायला आले, दारातूनच म्हणाले, "इनमें तो काँटे हैं!" आणि वळले. निवृत्त होईपर्यंत माझ्या हरितगृहात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. माझी एकही कुंडी हलली नाही. प्रयोगामागून प्रयोग तडीस गेले, मी प्राध्यापक झाले, विद्यार्थी लांबून येऊ लागले.

आता परिसंवादांत माझी ओळख करून देताना म्हणतात, "मॅडमचं निवडुंगावर जिवापाड प्रेम आहे." मी मान डोलावते. निवडुंग मला कधीच आवडला नाही.