संध्याकाळचा ओके रिपोर्ट

फौजेतून पेन्शनवर आलो आणि माझी शेवटची पोस्टिंग झाली राई गावात, भाईंदर पश्चिम. वडिलांच्या भातशेतीवर आता सात मजली इमारत उभी आहे. तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. नफरी, म्हणजे हजर माणसं, तीन: मी, बायको सुरेखा आणि अकरावीतली मुलगी श्रुती. शत्रू नाही, बर्फ नाही, त्रास म्हणावा तर फक्त डासांचा. मला वाटलं, सोपी पोस्ट आहे.

चार्ज घेतल्या घेतल्या शिस्त लावली. पहाटे शिट्टी. बादल्या, चपला, डबे एका रेषेत. फ्रीजमधली वांगीसुद्धा मी उंचीप्रमाणे लावून घेतली. आणि रोज संध्याकाळी ओके रिपोर्ट. फौजेत दिवस मावळला की प्रत्येक चौकी वर कळवते: माणसं पूर्ण, हत्यारं पूर्ण, सब ठीक. आमच्याकडे दिवाबत्ती झाली की मी हॉलमध्ये उभा राहायचो.

"सुरेखा?"

"ओके."

"श्रुती?"

"ओके, पप्पा."

मग मी निवांत चहा घ्यायचो. सिव्हिलियन लोकांच्या घरी कटकटी असतात असं ऐकून होतो. आमच्याकडे कसला म्हणजे कसला आवाज नाही. मी शेजाऱ्यांना संसाराबद्दल सल्लेही देऊ लागलो.

एकदा श्रुतीचे डोळे सुजलेले दिसले. विचारलं तर म्हणाली, "कांदा कापला." त्या दिवशी घरात कांदाच नव्हता, सकाळी बाजारातून मीच तो आणायला विसरलो होतो. पण रिपोर्ट ओके होता. मी विषय बंद केला.

मग एक दिवस कॉलेजातून फोन आला. श्रुती बरेच दिवस वर्गात दिसलेली नाही. मी तडक स्वयंपाकघरात गेलो. सुरेखा तांदळाची भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पोर मोरव्याला मावशीकडं जाऊन बसते. वर्गात गेली का काळीज धडधडतं तिचं. हात गार पडतात."

"मला रिपोर्ट का नाही?"

"रिपोर्टच पायजे असतो तुम्हाला. बोललेलं न्हाय." तिने भाकरी तव्यावर टाकली. "शनवारी आपण तिघं काउन्सेलर बाईकडं जातोय. आलात तर ठीक. न्हाय तर मी आन पोर मोरव्याला चाललो राह्याला. परत कदी येनार, इचारू नका."

मोरवा आमच्या शेजारचं गाव. पण तिच्या आवाजावरून ते मला सीमेपलीकडचं वाटलं. मी घाबरलो. मायलेकी गेल्या तर मी रिपोर्ट कुणाचा घेणार, वांग्यांचा?

शुक्रवारी जाऊन काउन्सेलर बाईंच्या जागेची रेकी केली. फरसाणच्या दुकानावर पहिला मजला, जिना अरुंद, बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. शनिवारी बूट चमकवून, सर्व्हिसची कागदपत्रं काखेत मारून हजर झालो. माझ्या समजुतीने ही कोर्ट ऑफ इन्क्वायरी होती.

काउन्सेलर म्हणजे हेतल मॅडम, वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. मी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, माझी मेडिकल कॅटेगरी शेवटपर्यंत शेप वन, म्हणजे एकदम फिट, होती. डोक्याचं काही नाही."

"अरे वा, सर! बसा ना."

"मी उभा ठीक आहे."

"रिलॅक्स, सर."

मी विश्राममध्ये आलो. पाय फाकवले, हात पाठीमागे. श्रुतीने ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलताना पाहून मला आधी वाटलं, रडतेय. ती हसत होती. कित्येक महिन्यांत तिचं हसू मी पाहिलं नव्हतं. मग मी बसलो.

"इथे कोणाची चूक नाय शोधायची," मॅडम म्हणाल्या. "श्रुती बोलेल. सर, तुम्ही फक्त ऐकायचं. सोल्यूशन नाय द्यायचं. चालेल?"

"किती वेळ?"

"ती थांबेपर्यंत."

इतकी कठीण ऑर्डर मला नोकरीत कुणी दिली नव्हती.

श्रुती आधी चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वर्गात श्वास अडकतो. वाटतं, मरतेय की काय. घरी येते तर संध्याकाळी ओके बोलायला लागतं. पप्पा, मी नॉट ओके बोलली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"उद्यापासून पहाटे पाच किलोमीटर..."

मॅडमनी हात वर केला. मी तोंड मिटलं.

"म्हणूनच नाही बोलली," श्रुती म्हणाली. "ओके बोलली की तुम्ही खुश होता. चहा घेता."

माझ्या कानात जुन्या वायरलेस सेटची खरखर सुरू झाली, आणि कुणी न विचारताच मी बोलायला लागलो.

बर्फातली चौकी. मी खाली बेसला, सेटवर. वर नायक दत्ता सावंत, माझा जिवाचा दोस्त. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"ओके रिपोर्ट भेजो. ओव्हर."

"सब ओके. ओव्हर."

"ये खांसी किसको है? ओव्हर."

"किसी को नहीं. सेट खांस रहा है. ओव्हर."

खाली आम्ही सगळे हसलो. मी रिपोर्ट पुढे पाठवला आणि चहा घेतला. पाणी त्याच्या छातीत भरत होतं. सकाळी सेटवर दुसऱ्याच जवानाचा आवाज होता. त्या हवेत हेलिकॉप्टर उडालंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच असणार. पण कळलं असतं तर मी रात्रभर त्याच्याशी बोलत राहिलो असतो.

सुरेखाने पदराने डोळे पुसले. "आन इतकी वर्सं मला ओके ओके सांगत व्हता?"

"हो."

"म्हंजे घरातला पयला खोटा रिपोर्ट तुमचाच!"

हेतल मॅडमनाही हसू आवरेना.

त्यानंतर आम्ही जात राहिलो. कधी श्रुती एकटी, कधी आम्ही नवराबायको. मला घरचा अभ्यास मिळाला: भाजी चांगली झाली एवढं म्हणायचं आणि तिथेच थांबायचं, मिठापर्यंत जायचं नाही. दोनदा नापास झालो. श्रुती श्वास सांभाळायला शिकली, वर्गात दाराजवळच्या बाकावर बसू लागली. काही दिवस अजून वाईट जातात. तेव्हा ती मला फोन करते. मावशीला नाही, मला. मी स्कूटर काढतो आणि तोंड बंद ठेवून तिला घेऊन येतो.

संध्याकाळचा रिपोर्ट चालू आहे, फक्त ओके शब्दावर बंदी आहे. परवा सुरेखा म्हणाली, "गुडगा दुखतोय. आन तुमची बहीण बोलली ते लागलंय मला." श्रुती म्हणाली, "तिसऱ्या लेक्चरला धडधडलं. बाहेर आली. मग परत आत गेली." मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"दत्ताची आठवण येतेय," मी म्हणालो.

"नकला कशा करायचे ते?" श्रुतीने विचारलं.

मी उठलो. पोट पुढे काढलं, लाटणं काखेत धरलं आणि आमच्या पलटणीच्या सीओ साहेबांची चाल चालून दाखवली, अगदी दत्ता दाखवायचा तशी. चपलांच्या रांगेत पाय अडकून रांग मोडली. श्रुती हसता हसता सोफ्यावरून खाली आली. चहा गार झाला, कुणी उठलं नाही.

नायक दत्ता सावंत. त्या संध्याकाळी आमच्या घरची नफरी चार होती.