संपतचा रोजचा पहिला फोटो

संपत गेल्याचं मला जेवणाच्या आमंत्रणातून कळलं. नागपूरला बहिणीकडे होते. सकाळी मोबाइल उघडला तर आमच्या मैफलींच्या आयोजकांचा मेसेज... ‘कै. संपतच्या स्मरणार्थ स्वरसंध्या व फोटोप्रदर्शन. सोबत अस्सल मुळशी पिठलं-भाकरी.’ हृदयविकाराने गेला होता, आणि मला हे असं कळत होतं. इतकी शिसारी आली की हातातला चहा मोरीत ओतून दिला.

मी तानपुऱ्यावर साथ करते. म्हणजे गायकाच्या पाठीमागे. फोटोत आमचं फार तर कोपर येतं. संपतने आम्हाला कधी कापलं नाही. मैफलींचे फोटो काढणं हा त्याचा धंदा, पण आलाप चालू असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आयोजक लांबून खुणा करून करून थकायचे आणि हा आपला भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकतोय. “अरे, काढ की फोटो!” मी एकदा म्हटलं. “ताई, गानं सुरू हाय न्हवं? मधीच खाटखाट करू व्हय?” वर मलाच दटावलं.

घर मुळशीकडे, मुठा गावात. शेरडं राखणारी माणसं. वडील लवकर गेले, मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, एकटीने वाढवला. रोज सकाळी मावशी शेरडं सोडायला निघाल्या की हा उंबऱ्यात उभा राहून त्यांचा फोटो काढायचा. एकच. पाऊस असो, अंगात ताप असो, आदल्या दिवशीची मैफल कितीही लांबलेली असो. त्यानंतर चहा. मावशी करवादायच्या, “रोज त्येच त्वांड काय बघतूस, मुडद्या?” हा हसायचा. त्यातला एकही फोटो त्याने कधी कुणाला पाठवला नाही, कुठे लावला नाही.

आयोजक सांत्वनाला म्हणून घरी गेले आणि ‘जपून ठेवतो’ म्हणत सगळ्या फोटोंची हार्ड डिस्क उचलून घेऊन आले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात! कार्यक्रम धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर होता; मी गेले ती मावशींसाठी. मावशींना गाडी पाठवून आणलं होतं. भिंतीवर मैफलींचे फोटो. साथीदार आयोजकांनी कापलेले, दीपप्रज्वलन करणारे पाहुणे मात्र अख्खे. आणि पिठलं-भाकरीच्या टेबलामागे पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर कोण? मावशी! शेरडांचं दार उघडताना. लोक हातात भाकरी धरून त्या फोटोशेजारी सेल्फी काढत होते. कुणाच्या तरी बोटांचं पिठलं फ्लेक्सवरच्या लुगड्याला लागलं होतं.

मावशी समोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मागून एक बाई म्हणाली, “आजी, प्लीज जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.”

आणि मावशी झाल्या हो बाजूला! निमूट!

मग मात्र माझं डोकं फिरलं. फ्लेक्सच्या दोऱ्या ओढून काढल्या. आयोजक धावत आले. “ताई, अहो, काय करताय? ही श्रद्धांजली आहे!”

“आग लागो तुमच्या श्रद्धांजलीला. डिस्क आणा.”

“आजी काय करणार तिचं? घरी कम्प्युटर तरी आहे का?”

मावशींनी पदर खोचला. “माज्या पोराचं हाय त्ये. मला बघाया येतंय का न्हाई, तुमी कोन इचारनार? आना हिकडं.”

आणली मुकाट्याने. चारचौघांत नाही म्हणायची छाती नव्हती.

परवा लॅपटॉप घेऊन मुठ्याला गेले. त्याच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर बसलो आणि ते सकाळचे फोटो एकेक करून उघडायला लागले. बरेच फोटो झाल्यावर मावशी म्हणाल्या, “समद्यात मीच हाय. त्यो कुटं हाय?”

एकाही फोटोत तो नव्हता.

मावशी पुढे वाकल्या. पडद्यावरचा स्वतःचा चेहरा निरखत राहिल्या. वैतागलेला, हसू दाबलेला.

“हितं मी त्याच्याकडंच बघतीया न्हवं?”

“हो, मावशी.”

“मग फुडचा दाव.”