मेव्हणा शर्यतीत उतरला

आष्ट्याचा आकाराम पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी होता. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते बघत दिवसभर पाटाकडेनं हिंडायचं, आणि कुठं पाट फुटल्याची हाक आली की पळत सुटायचं, हे त्याचं काम. विश्रामबागच्या एका तालीम मंडळानं भादव्यात आष्टा ते विश्रामबाग अशी तेरा-चौदा मैलांची शर्यत सुरू केली, तेव्हा पहिली तीन वर्षं आकारामच पहिला आला. एरवी त्याला गावात कोण विचारत होतं? अंगानं काडी, बोलणं जेमतेम. पण भादवा आला की लोक त्याला हाका मारून चहाला बोलवत.

शहात्तर साली त्याचा मेव्हणा हंबीरराव पलटणीतून रजेवर आला आणि बहिणीकडं राहिला. उंचापुरा, हसरा गडी. आल्या दिवशीच म्हणाला, "दाजी, औंदा मी बी पळणार तुमच्यासंगं."

"पळ की," आकाराम म्हणाला खरा, पण त्या घडीपासून त्याच्या जिवाला चैन पडेना.

बायको, अंजना, भावाच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच सोडते, हे त्याला दिसायला लागलं. चार दिवसांत चहाची बोलावणी हंबीररावाला यायला लागली. सकाळी दोघं सरावाला जात, तेव्हा हंबीरराव मुद्दाम हळू पळून त्याला सोबत करायचा. ते तर त्याला फारच झोंबायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, पान हलत नव्हतं. बसल्या जागी घामाच्या धारा. हंबीररावानं विचारलं, "दाजी, आमची पलटण थंडीच्या मुलखात. असल्या उकाड्यात मी कवा पळलो न्हाई. तुमी काय करतासा?"

आकाराम दरसाल निघताना तांब्याभर मीठ-लिंबाचं पाणी प्यायचा आणि मिठाचा खडा खिशात ठेवायचा. घाम गेला की पायात गोळे येतात, हे उसात राबून त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "पळायचं, बस."

सकाळी शर्यत सुटली. वाटेतलं तुंग गाव मागं पडलं तरी हंबीरराव शंभर पावलं पुढंच. भिजून पाठीला चिकटलेला त्याचा बनियन बघत आकाराम दात खाऊन पळत होता. दिग्रजच्या अलीकडं मात्र हंबीरराव रस्त्याकडेला बसलेला दिसला. दोन्ही हातांनी पोटरी आवळून धरलेली, तोंड वेडंवाकडं झालेलं. आकारामला असा आनंद झाला की त्याचे पाय आपसूक हलके पडायला लागले.

"थांबू नका दाजी!" हंबीरराव ओरडला. "फुडं जावा! पयला नंबर आपल्याच घरात ऱ्हाऊ द्या!"

खिशात खडा होता. आकारामचा हात खिशाकडं गेला नाही.

तो पहिला आला. हार पडला, टाळ्या झाल्या. मग तासाभरानं हंबीरराव लंगडत, एका पायावर उड्या मारत आला, तशी सगळी गर्दी उठून उभी राहिली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पहिला येऊनही आकारामला वाटलं, आपला नंबर कुणीतरी पळवला.

घरी अंजना एवढंच म्हणाली, "सकाळी तुमी मिठाचं पाणी प्यालासा. त्याला का दिलं न्हाई?"

रजा संपल्यावर आकाराम मेव्हण्याला एसटी स्टँडवर पोचवायला गेला, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. "हंबीरा, मिठाचं मला ठावं हुतं. मुद्दामच बोललो न्हाई."

"का वो, दाजी?"

"जळत हुतो तुझ्यावर."

गाडी लागल्यावर हंबीररावानं ट्रंक स्वतःच उचलली आणि दर वेळी पाया पडायचा तो न पडताच आत जाऊन बसला.

वर्षभर त्याच्या पत्रांत दाजींचं नाव नव्हतं. पुढच्या भादव्यात एक पत्र आलं. शेवटी लिहिलं होतं, 'दाजींना विचार, यंदा पळणार का? मला रजा मिळत नाही.'

अंजनानं ते वाचून दाखवलं. मेव्हण्यानं पुन्हा बोलणं सुरू केलं याचं बरं वाटायच्या आधी, तो येणार नाही याचंच आकारामला बरं वाटलं. आणि मग बायकोकडं बघायची त्याला लाज वाटली.