चरबी मोजणाऱ्या बाई

आईला मधुमेहाच्या तपासणीसाठी घोटीहून नाशिकच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे एक संशोधक बाई चरबीचा आणि मधुमेहाचा अभ्यास करत होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कातडीची घडी मोजायचा चिमटा त्या आधी स्वतःच्या तळहातात धरून कोमट करायच्या आणि मगच पेशंटच्या दंडाला लावायच्या.

आई काडीसारखी बारीक, तरीही तिची साखर वाढलेली होती. "चोरून गूळ खात असणार," मी हसत म्हणालो. घरीही मी वर्षभर हेच म्हणत होतो. आई खाली बघत राहिली.

बाई हसल्या नाहीत. "चरबी म्हणजे शरीराचं कोठार," त्या म्हणाल्या. "काहींचं कोठार मुळातच लहान असतं. मग जास्तीची चरबी यकृतात शिरते आणि साखर वाढते. बारीक माणसालाही हे होतं. यात आजींची चोरी कुठे आली?"

आईने डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, येवढं याला परत एकदा सांगा. लय बोललाय मला."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सगळं सावकाश परत सांगितलं.