गारेआधीचा एक तास

फाल्गुन शुद्ध दशमी. चीक शिजवून मी अंगणातल्या खाटेवर लुगडं अंथरलं आणि कुरडया घालायला बसले. कापसाला भाव नव्हता त्या सालांतली ही गोष्ट. भाव चढेल म्हणून नवऱ्याने दिवाळीपासून सगळा कापूस पुढच्या खोलीत साठवला होता. ढीग आढ्याला टेकला होता आणि अंगाला सतत खाज. विकून टाका, असं मी संक्रांतीपासून म्हणत होते. त्या दिवशी तो भाव पाहायला दिग्रसला गेला होता.

दुपारी शेजारचे म्हातारे कुंपणाशी येऊन उभे राहिले. ते गारपगारी. गावावर येणारी गार मंत्राने अडवायची, हे त्यांच्या घराकडे पूर्वापार चालत आलेलं काम. त्याबद्दल खळ्यावर पायलीभर धान्य मिळायचं, ते गावाने केव्हाच बंद केलं होतं.

"सूनबाई, आवरा. आज गार हाय."

"मंग अडवा ना, बुवा."

"पायली तुमीच बंद केली. आता फुकटात सांगतो तेवढं. अडवत नाई."

मग त्यांनी जुन्या गारांची सालं सांगायला सुरुवात केली. एका साली गहू ओंबीवर असताना पडली, तेव्हा माझा नवरा पाळण्यात होता. एका साली पिंपळाखाली मेलेल्या पोपटांचा सडा पडला होता. "दोन्ही खेपेले वारा असाच बंद झाला होता," ते म्हणाले आणि आपल्या बकऱ्या आत घ्यायला गेले.

वारा खरंच बंद झाला होता. पश्चिमेला ढग होता, पण काळा नव्हता, मळकट हिरवा होता. पुढच्या चार कुरडया वेड्यावाकड्या पडल्या. मी साचा खाली ठेवला. आमच्या घरावर जुने कवेलू, मातीची कौलं. लिंबाएवढी गार पडली तर ते टिकणार नाहीत, आणि त्यांच्याखाली आमचं वर्ष पडलेलं.

मागच्या घरात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री राहायचे. त्यांच्या एका खोलीवर स्लॅब होता. मिस्त्रीची बायको ढग पाहून स्वतःच आली.

"भाभी, कापूस आमच्या खोलीत टाका. मी लोखंड बाजूला करते."

मी तिच्याच फोनवरून नवऱ्याला विचारलं.

"विकायच्या आधी घरचा कापूस दुसऱ्याच्या उंबऱ्यात जात नाई," तो म्हणाला. "सीतादही करून आणलेली लक्ष्मी हाय ते. मी चारच्या बसनं येतोच."

पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. ते मीच केलं होतं. त्यामुळे मी त्याचं ऐकलं. माझी चूक तीच.

तो एक तास मी नुसती आतबाहेर करत होते. ढिगावर ताडपत्री टाकली. ती अर्ध्याच ढिगाला पुरली. काढून पुन्हा दुसऱ्या बाजूने टाकली. कुरडया आत नेल्या. बाहेर येऊन ढग पाहिला. मिस्त्रीची बायको दारात उभी होती. "लक्ष्मी भिजली तर चालते का, भाभी?" तिने विचारलं. मी पुन्हा आत गेले.

पहिली गार अंगणातल्या परातीवर वाजली तेव्हा मी चादरी ओढल्या. आम्ही दोघींनी गाठोडी बांधली आणि डोक्यावर परात धरून मागच्या दाराने पळत राहिलो. जेमतेम अर्धा कापूस गेला असेल तेवढ्यात कवेलू फुटायला लागले. उरलेल्या ढिगावर गारा, माती आणि पाणी एकदमच आलं. पाव तासात सगळं संपलं.

नवरा संध्याकाळी भिजून आला. खोलीत जाऊन त्याने ओला कापूस मुठीत पिळून पाहिला.

"वाळवून चांगल्यात मिसळू," तो म्हणाला. "कोणाले समजते?"

"हात घातला की समजते. वजनासाठी पाणी मारलं म्हणतीन व्यापारी आन् सगळी गाडी वापस पाठवतीन."

"मंग सगळाच राहू दे. गारीनं लोकायचा कापूस गेला. आता भाव चढन."

"दुसरी गार येतवरी?"

"लक्ष्मी बाहेर काढली तू," तो हळूच म्हणाला.

"बाहेर काढली तेवढीच कोरडी हाय."

जेवणं झाली, पण खाट कुठे टाकायची तेही ठरेना. सगळीकडे ओल होती.

सकाळी मी मिस्त्रीकडून ओळखीचा मेटॅडोर बोलावला. स्लॅबच्या खोलीतला कोरडा कापूस तिथूनच भरला, आमच्या घरात परत आणला नाही. नवरा अंगणात ओला कापूस पसरत होता. त्याने मान वर करून पाहिलं, थांब म्हणाला नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसून दिग्रसला गेले आणि त्या दिवशी जो भाव होता त्याला गाडी रिकामी करून आले.