बॉनेटवर अक्काचा हात

ये गं भाचीबाई, जवळ सरक. समोर असतीस तर कानच धरला असता, आता कागदावरूनच धरते. वर्षभर मावशी आहे का गेली, विचारलं नाहीस, आणि आता पत्र कशाचं, तर जुन्या गाडीला नवा रंग द्यावा का वरून स्टिकर चिकटवून घ्यावं! अगं, याच प्रश्नानं आमच्यातला एक माणूस सहा महिने धड जेवला नव्हता. आधी त्याचं ऐक.

तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, अक्काचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. हसनाबादला मास्तर होते, आता भोकरदनला राहतात. वस्तू झाकून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जालना जिल्ह्यात जन्मला नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. आवाज वाढवायला जावं तर बातम्यांच्या जागी कुस्ती लागायची. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर दुकानातला कागद तसाच, त्यामुळं दाजींना वेळ नेहमी अंदाजानं कळायची. सोफ्यावर असं जाड प्लॅस्टिक की एका वैशाखात मी उठले आणि चर्रकन असा आवाज झाला, की आलेले पाहुणे माझ्याचकडं बघत राहिले. मी शरमेनं पाणी पाणी. दाजी म्हणाले, "वहिनी, कापड बघा आतलं, बिलकुल नवं हाय." ते नवं कापड मी आजवर पाहिलेलं नाही.

मग त्यांनी एक जुनी निळी मोटार घेतली. अक्काच्या दोन नऊवारी पातळांची खोळ शिवून घेतली आणि गाडीला नेसवली. दारात उभी असली की लांबून वाटायचं, कुणी जाडजूड बाई पाठ करून बसलीय. त्या गाडीवर माशी बसली तरी दाजी फडका घेऊन धावायचे.

आणि त्या गाडीवर अक्कानं काय केलं, सांगू? पोळ्याचा दिवस होता. जमीन बटईनं दिलेली, बैल विकलेले. अक्का शेतकऱ्याची लेक, तिला बैलावाचून पोळा सोसवेना. तिनं पुरण घातलं, गाडीची खोळ काढली, ओवाळलं, चाकावर पाणी घातलं. शिंगं रंगवायच्या लाल तेलरंगाचा डबा माळ्यावर होता. त्यात उजवा हात बुडवला आणि बैलाच्या पाठीवर मारतात तसा गाडीच्या बॉनेटवर पंजा मारला! मी तिथंच होते, हातातलं ताट सुटलं. दाजी ओल्या अंगानं न्हाणीतून धावत आले. "अगं ए, काय करून राह्यली तू!"

"बैल न्हाई म्हून पोळा बुडवायचा का? आपल्याला ओढून कोण नेतं? हीच ना?"

"तेलरंग हाय तो, निघत न्हाई!"

"न्हाई तर न्हाई. बैलानं कधी तक्रार केली का?"

तिनं दुसरा पंजा उचलला तो दाजींनी वरच्या वर धरला. रॉकेलचा बोळा घेऊन ते पुसायला गेले, तर अक्का म्हणाली, "मी हाय तवर राहू द्या. मंग करा काय करायचं ते."

पुढचा पोळा अक्कानं पाहिला नाही. चार दिवसांच्या तापात गेली. दाजींनी तो बोळा पुन्हा हातात घेतला नाही. गाडीवरची खोळसुद्धा काढून पेटीत ठेवली, तिची पातळं विरायला नकोत म्हणून. गाडी मात्र उन्हात पडली. निळा रंग विटून राखेसारखा झाला. लाल पंजा तेवढा तसाच.

काही वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, मी सासरी जाईन ती याच गाडीतून. पण रंग द्या, लोक हसतील." जालन्याचा पेंटर म्हणाला, "मास्तर, सगळं घासून पत्र्यापर्यंत जावं लागंल."

"पंजा सोडून?"

"मंग ते ठिगळ दिसंल की. त्यापेक्षा घासू द्या, नवा पंजा मी काढून देतो, ह्याच्याहून सुबक."

दाजी चहा तसाच ठेवून उठले. एकीकडं लेकीचा शब्द, दुसरीकडं तो हात. सहा महिने घुटमळले. शेवटी गाड्यांवर नावं चिकटवणारा एक रेडियमवाला म्हणाला, "रंगाला हातच लावत न्हाई ना मी. वरून चिकटवू." झाकायचं म्हटल्यावर दाजींचा चेहरा उजळला. लग्नाला आम्ही गेल्तो तर दारात काय! दुकानाच्या पाटीला लावतात तसल्या पांढऱ्या स्टिकरात गुंडाळलेली, जागोजागी फुगे आलेली मोटार. मी कपाळावर हात मारला. दाजी हळूच म्हणाले, "वहिनी, इथं बोट फिरवा." पांढऱ्याखाली पाचही बोटांचे उंचवटे लागले. सासरी निघताना लेकीनंही तिथंच हात ठेवला.

पण आपल्याकडचं ऊन! दोन उन्हाळ्यांत ते स्टिकर तडकून पापडासारखं वळलं. रेडियमवाला काढायला आला तेव्हा मी ओट्यावर चहा घेत होते. त्यानं बॉनेटवरचा तुकडा ओढला आणि दाजी असे ओरडले की माझी कपबशी पडून फुटली. लाल पंजा स्टिकरला चिकटून निघून आला होता. त्याच्या हातातच त्याचे कपचे कपचे झाले.

दाजी मटकन खाली बसले. बॉनेटकडं बघायचा धीर कुणाला? बघितलं ते मीच आधी, आणि किंचाळले. राखेसारख्या त्या पत्र्यावर पाच बोटांचा गडद निळा हात होता, चकाकता. ऊन गाडीभर फिरलं होतं, अक्काच्या पंजाखाली तेवढं शिरलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशीचा रंग, जसाच्या तसा.

दाजी उठले, खूप वेळ बघत राहिले. "वहिनी," म्हणाले, "जलमभर मी झाकत राह्यलो, अन् बराबर झाकलं हिनं."

मी म्हटलं, खोळ घाला लवकर, नाहीतर हाही विटेल. तर हा रिमोटला पिशवी घालणारा माणूस काय म्हणतो? "झाकल्यावर दिसंल कसा?"

स्टिकर पुन्हा लावलं नाही, रंगही दिला नाही. गाडी दारात उघडीच असते. दाजी सकाळी त्या हातावर आपला हात ठेवतात. तळवा अजून दिसतो गं, बोटांची टोकं मात्र आता फिकी पडून राह्यलीत. म्हणून तुझ्या गाडीचं मी इथून काही सांगत नाही. उन्हाळा लागायच्या आत ये. जालन्याहून भोकरदनची बस धर, मी स्टँडवर येते. दाजींच्या दारात जाऊ, तो हात बघ, मग ठरव. आणि सोफ्यावरून उठताना जरा सांभाळून.