तोंडावर बोट

माझ्या वर्गातल्या एका मुलीला शाळेत सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. या रेडिओला बंद करायचं बटणच नव्हतं. चार वर्षं मी तिला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगितलं. घडी व्हायची, बोट ओठांवर जायचं आणि आवाज बोटाच्या बाजूने यायचा.

पुढे ही न्यूक्लिअर मेडिसिनची तंत्रज्ञ व्हायला निघाली. रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचायचं, तासभर थांबायचं, मग यंत्राने शरीराचं चित्र घ्यायचं. सुई टोचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घोडं अडायचं ते त्या तासापाशी. हे औषध साखरेसारखं. जो स्नायू राबतो त्यात जाऊन बसतं. म्हणून रुग्णाने बोलायचं नाही. सरावाच्या वेळी हिने एका आजींना धीर द्यायचा म्हणून त्यांच्या सुनेची चौकशी केली. चित्रात आजींचा गळा दिव्यासारखा उजळला.

शिकवणारे सर म्हणाले, “यांच्या गळ्याला काही झालेलं नाही. सून झालीय. परीक्षेत असं केलंस तर अख्खं वर्ष पुन्हा!”

परीक्षेत तिच्या वाट्याला नेमका एक न्हावी आला.

“ताई, तासभर गप्प? अहो, मी झोपेतसुद्धा गिऱ्हाइकांशी बोलतो!”

“मीपण, काका,” ती म्हणाली.

औषध देऊन ती नियमाप्रमाणे काचेपलीकडे बसली. काकांनी तोंड उघडलं मात्र, हिने झटकन हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. काका दचकले आणि त्यांनीही मुकाट्याने बोट ठेवलं. कुठल्यातरी शाळेत तेही शिकले असणारच. तासभर दोघं काचेतून एकमेकांकडे बघत तशीच बसली.

चित्र आलं. गळा स्वच्छ, पण उजवा दंड उजळलेला!

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ही काय गाठ आहे?”

“नाही सर, ते तोंडावरचं बोट आहे. हात तासभर वर होता. चूक माझी, मी तशी नोंदही केलीय.”

सरांनी नोंद वाचली. “कारण ओळखलंस, लपवलं नाहीस. पास. पुढच्या वेळी हात खाली.”

हे सगळं मला सांगायला ती परवा आली आणि अडीच तास बसली. तेव्हा कुणी माझं चित्र घेतलं असतं, तर दोन्ही कान लख्ख उजळलेले दिसले असते.